हँडलवालं पिवळं खेळणं कशाला हवंय तिला?

पत्र

सप्रेम नमस्कार.

माझी मुलगी पंधरा वर्षांची आहे. अभ्यासात बरी आहे, मैत्रिणी आहेत, घरातही मदत करते. पण गेली दीड-दोन वर्षं तिच्या डोक्यात एकच विषय आहे: नवे गेमिंग कन्सोल, म्हणजे गेम खेळायची यंत्रं, आणि चित्रविचित्र गॅजेट्स. कुठली कंपनी कधी काय आणणार, सगळ्या तारखा तोंडपाठ. एखाद्या कन्सोलची घोषणा आमच्या अपरात्री होणार असेल तर गजर लावून उठते. तिची एक वही आहे. तिच्यात प्रत्येक यंत्राला एक पान: चिप कुठली, स्क्रीन केवढा, बॅटरी किती तास, आणि तळाला लाल पेनाने 'हे असं का केलं असेल?' असले प्रश्न. गंमत म्हणजे ती स्वतः खेळते फार थोडं. मामाने दिलेला जुना कन्सोल घरात आहे, पण त्याच्या कंट्रोलरची स्टिक हात न लावताही डावीकडे सरकते, म्हणून तो पडून आहे.

आता तिला दोन गोष्टी हव्यात. एक, नवा मोठा कन्सोल, तोही बाजारात येईल त्याच दिवशी. दुसरी, एक हातात मावणारं पिवळं चौकोनी यंत्र, ज्याला बाजूला चक्क फिरवायचं हँडल आहे. स्क्रीन काळा-पांढरा, रंगसुद्धा नाहीत! मी म्हटलं, "अगं, हे काय खेळणं आहे?" तर "तुला नाही कळणार" म्हणून खोलीत निघून गेली. वाढदिवसाच्या पैशांतून आधी घेतलेला छोटा रोबो आणि दिवेवाला कीबोर्ड खणात धूळ खात आहेत. हिचे बाबा म्हणतात, परीक्षेत ठरलेले टक्के मिळाले तर कन्सोल, नाहीतर वही, व्हिडिओ सगळं बंद. हे व्यसन तर नाही ना? घ्यावं की घेऊ नये? कन्सोलचं आगाऊ बुकिंग सुरू आहे आणि ती रोज विचारतेय.

— गोंधळलेली आई

उत्तर

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र वाचताना मी त्या वहीपाशी अडले. पानाच्या तळाला लाल पेनाने 'हे असं का केलं असेल?' लिहिणारी मुलगी गेमच्या नादी लागली असं म्हणणं अवघड आहे. तिला नाद आहे तो यंत्रं कुणाला, कशी सुचली याचा. त्यात थोडी नव्या वस्तूची हाव मिसळली आहे, ती त्या वयात असतेच. या दोन्ही गोष्टी वेगळ्या करून पाहिल्या तर तुमच्या बहुतेक प्रश्नांचा गुंता सुटतो, म्हणून मी तसंच लिहिणार आहे.

व्यसनाचं आधी मिटवूया. जागतिक आरोग्य संघटनेने 'गेमिंग डिसऑर्डर' हा विकार आपल्या आजारांच्या वर्गीकरणात घेतला आहे. ते वर्गीकरण २०१९ मध्ये मंजूर झालं आणि २०२२ पासून लागू आहे. त्यात मुख्यतः तीन गोष्टी पाहतात. खेळण्यावरचा ताबा सुटलाय का? झोप, अभ्यास, माणसं, बाकीचे छंद या सगळ्यांच्या आधी गेम येतोय का? आणि नुकसान डोळ्यांसमोर दिसत असतानाही खेळणं चालूच, किंवा वाढतच आहे का? हे साधारण वर्षभर टिकलं आणि रोजचं जगणं त्याने विस्कटलं, तर तज्ज्ञ त्या दिशेने विचार करतात. तुमच्या लेकीला मैत्रिणी आहेत, अभ्यास चालू आहे आणि कन्सोल तर पडून आहे! खटकली ती अपरात्रीच्या गजराची गोष्ट. घोषणांचे हे कार्यक्रम रेकॉर्ड होऊन लगेच मिळतात, सकाळी दात घासता घासता बघता येतात. दुसऱ्या दिवशी शाळा असेल तर जागायचं नाही, हा एक नियम करा आणि तो मोडू देऊ नका. सुट्टीच्या आदल्या रात्री जागली तर जागू दे. मॅचसाठी मोठी माणसं जागतातच की.

आता ते पिवळं यंत्र. वर्णनावरून ते 'प्लेडेट' असणार. पॅनिक नावाच्या अमेरिकन कंपनीने ते २०२२ मध्ये ग्राहकांच्या हाती दिलं. त्याआधी ही कंपनी ओळखली जायची ती मॅक संगणकांच्या सॉफ्टवेअरसाठी. यंत्राच्या रचनेत टीनेज इंजिनिअरिंग या स्वीडिश कंपनीचा हात आहे. स्क्रीन ४०० बाय २४० ठिपक्यांचा, निव्वळ काळा-पांढरा, मागून प्रकाशही नाही, त्यामुळे खेळायला उजेडात बसावं लागतं. आणि ते हँडल! पहिल्यांदा पाहणाऱ्याला हमखास वाटतं, बॅटरी चार्ज करायला असेल. तसं काही नाही. बटणं दाबतात तसं ते फिरवायचं, खेळासाठीच.

त्यावरच्या एका खेळात हँडल पुढे फिरवलं की पात्राचा काळ पुढे सरकतो, उलटं फिरवलं की मागे जातो. पात्र कुठे चालतं, कुठे थांबतं, सगळं आधीच ठरलेलं आहे, तुमच्या हातात फक्त त्याच्या काळाचा वेग. पण समोरून येणारे इतर जीव तुमच्या हँडलला जुमानत नाहीत, ते आपल्या चालीने येतच राहतात. समजा डोक्याच्या उंचीवरून काही उडत येतंय. तर पात्र वाटेत जिथे फूल हुंगायला वाकतं, नेमक्या त्या क्षणाशी हँडल आणून धरायचं, ते डोक्यावरून गेलं की पुन्हा फिरवायचं. हात जरा जास्त फिरला की पात्र ताठ उभं राहतं आणि टक्कर होते. हे बटणाने करून पाहा असं कुणी म्हटलं तर जमणार नाही, त्याला मनगटच लागतं. तुमच्या मुलीला त्या यंत्रात दिसतंय ते हे. तिला ते तुम्हाला शब्दांत सांगता आलं नाही, एवढंच झालंय. पंधराव्या वर्षी माणसाला आवडतं खूप आणि का आवडतं ते सांगता येत नाही, मग 'तुला नाही कळणार' हे सोपं पडतं. ते मनावर घेऊ नका.

'रंगसुद्धा नाहीत' हा तुमचा आक्षेप मात्र जुना आहे आणि त्याला इतिहास आहे. १९८९ मध्ये निन्टेंडो या जपानी कंपनीने गेम बॉय हे हातात धरून खेळायचं यंत्र आणलं, तेव्हा त्याचा स्क्रीन हिरवट आणि चार छटांचा होता. त्याच वर्षी अटारीचा लिंक्स रंगीत स्क्रीन घेऊन आला, पुढच्या वर्षी सेगाचा गेम गिअर, तोही रंगीत. कागदावर गेम बॉयचा निभाव लागायचं काही कारण नव्हतं. पण तो चार पेन्सिल सेलवर दहा-पंधरा तास सहज चालायचा, आणि गेम गिअर सहा सेल खाऊन तीन ते पाच तासांत मान टाकायचा. गेम बॉय दणकट होता, स्वस्त होता, खिशात जात होता. तो आणि नंतरची त्याची रंगीत आवृत्ती मिळून ११ कोटींहून जास्त विकले गेले.

त्यामागे गुनपेई योकोई नावाचा माणूस होता. तुमच्या मुलीच्या वहीत त्याचं पान असेलच, नसेल तर तिला सांगा, खूश होईल. निन्टेंडो ही १८८९ मध्ये क्योटोत सुरू झालेली पत्ते बनवणारी कंपनी. १९६५ मध्ये योकोई तिथे लागला तो पत्ते तयार करणाऱ्या यंत्रांच्या देखभालीसाठी. काम नसायचं तेव्हा त्याने वेळ घालवायला एक लांब होणारा, चिमट्यासारखा पकडणारा जाळीदार हात बनवला. कंपनीचे अध्यक्ष हिरोशी यामाउची यांनी तो पाहिला. रागावतील असं वाटलं होतं, ते म्हणाले, हे विकायला बनव. १९६६ मध्ये तो 'अल्ट्रा हँड' म्हणून बाजारात आला आणि दहा लाखांहून जास्त खपला. पुढे ट्रेनमध्ये एक कंटाळलेला प्रवासी कॅल्क्युलेटरची बटणं उगाच दाबत बसलेला दिसला, त्यातून योकोईला खिशातल्या गेमची कल्पना सुचली. कॅल्क्युलेटरमुळे तसले स्क्रीन स्वस्त झाले होतेच, तेच वापरून १९८० मध्ये 'गेम अँड वॉच' आला. योकोईची पद्धतच ती. सगळ्यात नवीन, महाग तंत्रज्ञानाच्या मागे धावायचं नाही. जे जुनं होऊन स्वस्त झालंय, ज्याच्या खोडी सगळ्यांना माहीत झाल्यात, ते उचलायचं आणि कुणी लावलं नसेल अशा कामाला लावायचं. काळा-पांढरा स्क्रीन आणि हँडल ही जोडी याच घराण्यातली.

त्याचं सगळं जमलं असंही नाही. १९९५ चा 'व्हर्च्युअल बॉय' हा त्याचाच. डोळ्यांना लावून बघायचा, टेबलावर स्टँडवर उभा, आणि चित्र फक्त लाल-काळं. वर्षभराच्या आत तो बंद करावा लागला. मला विचाराल तर तुमच्या मुलीने गेम बॉयपेक्षा या यंत्राबद्दल जास्त वाचावं. चाललेल्या यंत्राचं कौतुक कुणीही करतं, फसलेलं यंत्र कुठे फसलं हे शोधायला डोकं लागतं.

तिच्याशी बोलायचं कसं, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण पत्रभर तोच प्रश्न आहे. चिप आणि रॅमच्या वाटेला जाऊ नका. तिथे ती तुम्हाला दोन मिनिटांत गारद करेल आणि दोघींनाही मजा येणार नाही. तिच्याच वहीतला प्रश्न तिला परत विचारा. किंवा जेवताना हे कोडं टाका: १९८० च्या दशकात निन्टेंडोच्या कन्सोलबरोबर टीव्हीवरच्या पक्ष्यांवर नेम धरायची बंदूक मिळायची. बंदुकीतून तर काहीच बाहेर पडत नाही, मग नेम लागला हे टीव्हीला कळायचं कसं?

उत्तर फार देखणं आहे. बंदूक काही सोडत नाही, ती बघते. तिच्या नळीत प्रकाश ओळखणारा एक छोटा भाग असतो. तुम्ही चाप ओढलात की कन्सोल डोळ्याला जेमतेम जाणवेल इतक्या वेळापुरता पूर्ण स्क्रीन काळा करतो, आणि लगेच पक्ष्याच्या जागी फक्त एक पांढरा चौकोन काढतो. आधी अंधार, मग उजेड, असं नळीला दिसलं तर नेम बरोबर. पक्षी दोन असतील तर चौकोन एकापाठोपाठ एक उमटतात आणि उजेड कितव्या वेळी दिसला त्यावरून कुठला पक्षी मेला ते ठरतं. सगळी करामत जुन्या, काचेच्या नळीच्या टीव्हीवर बेतलेली होती. तो चित्र ज्या क्षणी यायचं त्या क्षणी दाखवायचा. आताचे सपाट टीव्ही चित्रावर प्रक्रिया करून किंचित उशिरा दाखवतात, कन्सोल वाट बघून मोकळा होतो आणि बंदुकीला काही दिसलेलंच नसतं. म्हणून ती बंदूक आज जोडली तर एकही पक्षी पडत नाही. हे तिला आधीच माहीत असेल तर ती तुम्हाला समजावून सांगेल, आणि तेही चांगलंच.

खणातल्या रोबोबद्दल आणि कीबोर्डबद्दल माझं मत थोडं कडक आहे. हा भाग हावेचा. विकत घेण्यापूर्वीचे आठवडे, ते व्हिडिओ, ती तुलना, आणि खोकं उघडण्याची दहा मिनिटं, यातच सगळा आनंद संपून जातो. खोकी उघडून दाखवणाऱ्या व्हिडिओंचा धंदाच त्यावर चालतो, पुढच्या आठवड्यात त्यांच्याकडे नवीन खोकं असतं. तुमच्या मुलीला हे सुनावू नका, तिला करायला द्या. नवीन काही हवंसं वाटलं की वहीत तारीख घालून नोंदवायचं आणि 'नवेपण ओसरल्यावर मी याचं काय करणार?' याचं उत्तर तिथेच लिहायचं. महिन्याभराने तेच पान उघडून पाहायचं. तेव्हाही हवं असेल तर पैशांचं बोला. पैसेही शक्यतो तिचे असावेत, निदान अर्धे, आणि त्यांतला थोडा भाग रोबो-कीबोर्ड कुणा गरजूला विकून आलेला असावा. जुनं विकायला काढलं की वस्तूची किंमत किती पटकन उतरते ते फार नीट कळतं.

पहिल्याच दिवशी कन्सोल घ्यावा का? नाही. यावर मी ठाम आहे, पण कारण जुनं 'थांबा, स्वस्त होईल' हे नाही. ते पूर्वी खरं होतं. निन्टेंडोने २०११ मध्ये आणलेल्या ३डीएसची किंमत सहाएक महिन्यांतच एवढी उतरवली, की आधी घेतलेल्यांची समजूत घालायला त्यांना वीस जुने गेम फुकट द्यावे लागले. पण प्लेस्टेशन ५ हा २०२० चा कन्सोल, त्याची किंमत नंतर अनेक देशांत चक्क वाढली. तेव्हा किमतीच्या भरवशावर थांबू नये.

थांबायचं ते दोन कारणांनी. पहिलं, यंत्राच्या खोडी लाखो लोकांनी वापरल्यावरच बाहेर येतात. मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स ३६० हा कन्सोल आला २००५ मध्ये. त्यातले बरेच कन्सोल तापून बंद पडू लागले, समोर लाल दिवे लागायचे. शेवटी २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्या बिघाडासाठी वॉरंटी तीन वर्षांची केली आणि एक अब्ज डॉलरहून जास्त रक्कम त्यासाठी बाजूला काढली. नंतरच्या आवृत्त्या सुधारलेल्या निघतात, बहुतेकदा सडपातळही. प्लेस्टेशनच्या दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या पिढीत बारीक अंगाची आवृत्ती मागून आलीच. दुसरं कारण साधं: पहिल्या दिवशी त्या कन्सोलवर खेळण्यासारखं फार थोडं असतं. खास त्याच्यासाठी बनलेले चांगले गेम यायला वर्ष-दोन वर्षं जातात. कंपन्यांचं गणितही तसंच बसवलेलं असतं. प्लेस्टेशन ३ तर सुरुवातीला बनवण्याच्या खर्चापेक्षा कमी किमतीत विकला जात होता, कमाई पुढे गेम विकून करायची. म्हणजे कन्सोल घेतला की खर्च संपला असं नसतं, तिथून तो सुरू होतो. हे हिशोबात धरूनच घरात चर्चा करा.

आणि ते बुकिंग. ती रोज विचारतेय, तर तिला रोज 'बघू' म्हणू नका. 'बघू' मुलांना अर्धा होकार वाटतो. आजच सांगा की पहिल्या खेपेत घ्यायचा नाही असं ठरलंय, वरची दोन कारणं सांगा, आणि कधी पुन्हा बोलायचं तो महिनाही ठरवून टाका. रुसेल. एक-दोन दिवस दार आपटून बंद होईल. मग ती तुमचं म्हणणं खोडायला चार मुद्दे काढून आणेल, ते ऐकून घ्या, त्यांतला एखादा बरोबरही असेल. एक मात्र आधीच स्पष्ट करा: अजून तयारच न झालेल्या, लोकांकडून वर्गणी गोळा करून बनवायच्या गॅजेटमध्ये पैसे घालायचे नाहीत. विचित्र वस्तूंच्या जगात हे फार चालतं. 'ऊया' नावाच्या छोट्या कन्सोलसाठी २०१२ मध्ये लोकांनी उत्साहाने ८० लाख डॉलरहून जास्त रक्कम उभी केली. २०१३ मध्ये तो आला, २०१५ मध्ये धंदा विकला गेला आणि २०१९ मध्ये त्याची ऑनलाइन सेवा बंद झाली. आणि तो निदान आला तरी.

टक्क्यांच्या अटीबद्दल. तिच्या बाबांचा हेतू समजतो, पण ही अट दोन्हीकडून नडते. दोन टक्के कमी पडले तर काय करणार? दिलात तर अट पोकळ, नाही दिलात तर वर्षभराच्या अभ्यासाची आठवण म्हणून एक न मिळालेला कन्सोल उरणार. आणि वही बंद करणं तर अजिबात नको. स्वतःहून प्रश्न लिहिणारं, तुलना करणारं, उत्तरं हुडकणारं मूल घरात आहे. शाळेच्या विषयात हेच केलं असतं तर आपण चारचौघांत सांगत सुटलो असतो. अभ्यासाचं वेळापत्रक अभ्यासासाठी ठेवा, कन्सोलचा निर्णय पैसे आणि उपयोग बघून घ्या.

पिवळ्या यंत्राचं मात्र मी वेगळं सांगेन. ते न घेताही त्याच्यासाठी गेम बनवता येतो, आणि फुकट. बनवण्याची साधनं कंपनी मोफत देते, त्यात संगणकावर चालणारी यंत्राची नक्कल असते, हँडलसकट. लुआ ही त्यातल्या त्यात सोपी प्रोग्रॅमिंगची भाषा तिथे चालते. तेही जड वाटलं तर 'पल्प' नावाचं साधन थेट ब्राउझरमध्ये उघडतं, चौकोन रंगवत, थोडे आदेश लिहीत छोटा खेळ उभा करता येतो. तिला म्हणा, हँडल फिरवून खेळायचा एक खेळ बनव. दोन मिनिटांत संपला तरी चालेल, पण शेवटापर्यंत गेला पाहिजे, आणि आम्ही दोघं तो खेळणार. बनला तर यंत्र घ्यायला माझी हरकत नाही, कारण मग ते खणात जाणार नाही. स्वतःचा खेळ स्वतःच्या हातातल्या यंत्रावर चालवून बघणं ही गोष्ट कुठल्याच दुकानात मिळत नाही. नाहीच बनला, अर्ध्यात कंटाळली, तर तेही कळलं. त्यावरून टोमणे मारायचे नाहीत. कदाचित तिचा हात सॉफ्टवेअरपेक्षा वायरींमध्ये रमत असेल, मग मायक्रोबिट किंवा रास्पबेरी पाय अशी शिकण्यासाठीच बनवलेली छोटी सर्किटं आहेत. मायक्रोबिटवर पंचवीस बारके दिवे, दोन बटणं आणि हालचाल ओळखणारा सेन्सर, एवढ्यावर पोरं काय काय बनवतात ते पाहण्यासारखं असतं.

मोठ्या कन्सोलचा निर्णय लागेपर्यंत मामाचा जुना कन्सोल आहेच. स्टिक आपोआप सरकते त्याला 'ड्रिफ्ट' म्हणतात. बहुतेक स्टिकच्या पोटात दोन छोटे पोटेन्शिओमीटर असतात, एक आडव्या हालचालीसाठी, एक उभ्या. कार्बनच्या पातळ पट्टीवरून एक धातूची पाती घासत फिरते आणि ती कुठे आहे त्यावरून कन्सोलला दिशा कळते. घासून घासून पट्टी झिजते, धूळ बसते, आणि स्टिक मधोमध असली तरी कन्सोलला वाटतं की ती डावीकडे आहे. आता यावर उपाय म्हणून चुंबकावर चालणाऱ्या, काहीच न घासणाऱ्या 'हॉल इफेक्ट' स्टिक गाजताहेत. लोकांना ते अगदी नवं वाटतं, पण सेगाने १९९८ च्या ड्रीमकास्ट या कन्सोलच्या कंट्रोलरमध्ये तेच वापरलं होतं. हे वाक्य तिच्यासमोर सहज टाका आणि चेहरा बघा.

तो कंट्रोलर तिला उघडू द्या. बिघडलेलाच आहे, आणखी काय बिघडणार! आधी गेमच्या सेटिंगमध्ये 'डेडझोन', म्हणजे स्टिकची जेवढी हालचाल गेमने मोजायची नाही ती हद्द, वाढवून पाहायला सांगा, कधी कधी तेवढ्यावर भागतं. नाही भागलं तर योग्य मापाचा स्क्रूड्रायव्हर, उघडताना प्रत्येक टप्प्याचा फोटो, आणि सगळ्यात आधी बॅटरीची जोडणी काढायची. बॅटरी फुगलेली दिसली तर तिथेच थांबायचं, तिला टोचायचं किंवा दाबायचं नाही, ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्यायची. पॉवर सप्लायचा डबा मात्र कुणीही उघडायचा नाही, प्लग काढलेला असला तरी आत धक्का बसण्याइतकी वीज साठलेली असू शकते. कंट्रोलरमध्ये आयसोप्रोपिल अल्कोहोलचे एक-दोन थेंब देऊन स्टिक गोल फिरवली तर थोडे दिवस सुधारते. कायमचं काम करायचं तर स्टिकचा अख्खा भाग बदलावा लागतो आणि बहुतेक कंट्रोलरमध्ये तो सोल्डर केलेला, म्हणजे वितळवलेल्या धातूने चिकटवलेला, असतो. ते शिकायचं असेल तर सोल्डरिंग येणाऱ्या मोठ्या माणसाच्या शेजारी बसून, खिडकी उघडी ठेवून.

हे काम ज्या दिवशी काढाल त्या दिवशी तिच्या बाबांनाही घरी थांबायला सांगा. ट्रिगरखालच्या स्प्रिंगा बारीक असतात, कव्हर निघालं की कुठे उडतील सांगता येत नाही, आणि त्या शोधायला जमिनीवर रांगणारा एक माणूस जास्तीचा लागतो.